मदत हवी आहे: कमानीच्या इनसोलने चवडा हलका, पण तळव्यात टोचतंय

घाटवाट: सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे, आठवड्याला ४५ किमी. वजन ७२ किलो. १२-१४ किमीनंतर उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटामागे चवडा जळतो, तिथे घट्टाही आहे. म्हणून तळव्याच्या कमानीला आधार देणारा, उंच कमानीचा कडक इनसोल (बुटातला सुटा तळ) आणला. चवडा जरा हलका झाला, पण कमानीखाली टोचतं आणि टाच बुटातून वर निसटते. नवा इनसोल मूळ इनसोलवरच ठेवलाय. सवय होईल, की माप चुकलं?

तळपाय: आधी मूळ इनसोल काढा. दोन थरांमुळे टाच वर उचलली जाते, बुटाच्या मागच्या कपाची पकड सुटते. पुढे बोटांवरची जागा कमी होऊन चवडाही आवळतो. जुना इनसोल नव्यावर ठेवून रेघ मारा आणि फक्त बोटांकडून कापा, एका वेळी २ मिमी. टाचेकडे कात्री लावू नका.

आता टोचण्याबद्दल. धावताना पावलागणिक वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो, म्हणजे तुमचा १४४ ते २१६ किलो. इनसोल हा भार नाहीसा करत नाही. एरवी अधांतरी राहणारी कमान टेकते, टेकणारं क्षेत्रफळ वाढतं आणि टाच-चवड्यावरचा दाब तिकडे वाटला जातो. तेव्हा मधल्या तळव्याला दाब जाणवणारच. तो सगळीकडे सारखा जाणवला तर ठीक. एका ठिकाणी टोचत असेल तर उंचवटा चुकीच्या जागी आहे. इनसोल जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा, गुडघा किंचित वाकवा. उंचवटा कमानीच्या सर्वात उंच जागेखालीच यायला हवा. बुटाचा नंबर एक असला तरी टाचेपासून अंगठ्याच्या मुळापर्यंतची लांबी प्रत्येकाची वेगळी असते. खरेदी करताना तीच मोजावी.

घाटवाट: मूळ इनसोल काढला, टाच बसली. टोचणंही गेलं. चवड्याचा तो बिंदू मात्र अजून जळतो. त्याखाली जेल पॅड लावू का?

तळपाय: नको! दुखऱ्या हाडाखालीच उंचवटा दिला तर दाब तिथेच वाढतो. पॅड त्याच्या मागे हवा. थेंबाच्या आकाराचा मेटाटार्सल पॅड (चवड्याच्या हाडांमागे आधार देणारा) घ्या, फेल्टचा, सुरुवातीला ५ मिमीच. जागा शोधायला दुखऱ्या बिंदूवर लिपस्टिकचा ठळक ठिपका लावा, मोजा न घालता बूट चढवून दहा-बारा पावलं चाला. इनसोलवर ठसा उमटेल. पॅडची पुढची कड त्या ठशाच्या ५ ते १० मिमी मागे ठेवा. दोन दिवस कागदी टेपनेच चिकटवा, कारण पहिल्याच फटक्यात जागा बरोबर सापडतेच असं नाही. बरोबर बसला तर सुरुवातीला खाली काहीतरी असल्यासारखं वाटतं, मग विसर पडतो. जळजळ वाढली तर पॅड फार पुढे गेलाय.

पहिल्या दिवशी तासभर फक्त चाला, रोज एकेक तास वाढवा. आठवड्यानंतर ३-४ किमी धाव. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वात लांब धाव, तीन आठवड्यांनी.

रानवाटा: या स्पर्धेच्या वाटेवरच्या यवतेश्वराच्या चढावर भार चवड्याकडे सरकतो, उतारावर पाय पुढे घसरून बोटं आपटतात. सपाट रस्त्यावर ठीक वाटणारा पॅड घाटात टोचू शकतो, म्हणून लांब चढावर एकदा तपासा. लेस शेवटच्या जादा भोकातून ओवून घोट्याशी आवळा, म्हणजे टाच मागेच राहते. पावसात भिजलेला इनसोल काढून सावलीत वाळवा. उन्हात फोम आक्रसतो आणि पॅडचा गोंद सुटतो. दुकानातल्या दाब मोजणाऱ्या पट्टीवर नुसतं उभं राहून काढलेल्या रंगीत नकाशावर विसंबू नका, धावतानाचा दाब वेगळा असतो. त्यासाठी बुटात सेन्सर असलेला पातळ इनसोल लागतो.

तळपाय: एक राहिलंच. पायाच्या वरच्या बाजूने दुसऱ्या बोटामागच्या त्याच हाडावर बोटाने दाबून पाहा. एका बिंदूवर सणक येत असेल, वर सूज असेल किंवा रात्री ठणकत असेल तर धावणं आजच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ताण पडून हाडाला तडा जातो तो बऱ्याचदा याच हाडाला, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. तिसऱ्या-चौथ्या बोटांत मुंग्या येत असतील तर मात्र आधी रुंद तोंडाचा बूट पाहा.