बडोद्यातली दुरुस्तीची दुकानं आणि आमचा यंदाचा देखावा : तुमचे अनुभव लिहा

दांडियाबाजारकर :
मंडळी, परवा लेकीला घेऊन शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. तिथे 'जुनं गाव' म्हणून एक गल्ली उभारली आहे. न्हावी, लोहार, किराणा आणि एक रेडिओ-घड्याळ दुरुस्तीचं दुकान. दुकानात पुतळा बसवलाय, डोळ्याला भिंग, समोर जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे आत दिव्यांसारख्या काचेच्या नळ्या असलेला रेडिओ. लेकीने बटण फिरवायला हात घातला, तर ते चिकटवलेलं. भिंतीवरच्या घड्याळांचे काटे रंगवलेले. ती लगेच कंटाळली आणि झोपाळ्याकडे पळाली. मी तिथेच उभा.

रावपुऱ्यात टॉवरच्या अलीकडे एका बोळाच्या तोंडाशी आमचे रेडिओवाले काका बसायचे. बाबा शाळेतून आणताना मला तिथे थांबू द्यायचे. काका मागचा पुठ्ठा काढायचे. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर व्हायचे, आधी नुसती घूं, मग खरखर, आणि मग एकदम माणसाचा आवाज. स्टेशनचा काटा सरकवणारी दोरी तुटली असेल तर ती कप्प्यांवरून पुन्हा ओवायचं काम बराच वेळ चालायचं. मी जागचा हलायचो नाही. 'बेटा, आघो रहेजे (लांब राहा), करंट छे' एवढंच ते म्हणायचे. मोडलेली वस्तू डोळ्यांदेखत चालू होताना बघणं ही माझ्या लहानपणाची सगळ्यात मोठी करमणूक होती, आणि तिला तिकीट नव्हतं.

यंदा सोसायटीच्या गणपतीला 'दुरुस्तीची गल्ली' असा देखावा करायचं ठरलंय. माझा हट्ट एकच : तिथली प्रत्येक वस्तू चालली पाहिजे आणि मुलांना हात लावता आला पाहिजे. आठवणी लिहा, त्यातूनच सामान ठरवू.

शिलाईवेडी :
वा! आईचं पायमशीन!! कुकर लावलाय, येते परत.

गेंडीगेटवाला :
आजोबांचं एचएमटी जनता. चावीचं, १७ ज्वेलचं. कानाला लावलं की सेकंदाला ५ टिकटिक. आमचे घड्याळजी मागचं झाकण काढून दाखवायचे, ती लाल टिंबं म्हणजे कृत्रिम माणकं, त्यांच्या भोकात चाकांचे आस फिरतात म्हणून झीज कमी. मग सगळे भाग पेट्रोलमध्ये बुडवायचे, पुसायचे, आणि सुईच्या टोकावर येईल इतकंच तेल प्रत्येक आसाला. शिंक आली तर बाहेर जायचं असा दुकानाचा नियम होता. स्प्रिंग उडाली की दुकानातली सगळी माणसं गुडघ्यांवर, गिऱ्हाईकंसुद्धा.
बंगळूरला एचएमटीचा घड्याळाचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने सुरू झाला. आता बंद. पण घड्याळ माझ्या हातावर आहे, आत्ता लिहिताना चालू आहे.

बडोद्याची लेक :
कमाटीबागेतली गाडी अजून कोणी काढली कशी नाही? दहा इंची रुळांची! राजघराण्यातल्या मुलांसाठी आणलेली गाडी, पुढे शहरातल्या मुलांना दिली. आधी ती लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात चालायची, राजवाड्यातून मुलांच्या शाळेपर्यंत. त्या शाळेच्या इमारतीतच आज महाराजा फतेहसिंह म्युझियम आहे. कोणाची शाळेत जायची सोय आणि कोणाची रविवारची चैन. आम्ही पाच भावंडं, डब्यात लीलो चेवडो आणि भाकरवडी. आता मुंबईत आहे, लोकलमध्ये उभी राहून लिहितेय.

दांडियाबाजारकर :
@बडोद्याची लेक, ताई, बरं झालं काढलीत. माझं म्हणणं तेच आहे. ती खरीखुरी गाडी होती, फक्त लहान. म्हणून ती सगळ्यांना आठवते.

वाइंडिंगवाला :
आमचा पिढीजात धंदा पंखे आणि मोटारींचं वाइंडिंग, पाणीगेटकडे. दुकानाची आठवण म्हणजे वार्निशचा वास. जळालेलं वाइंडिंग काढायचं, वेढे मोजून वहीत लिहायचे, तितकेच वेढे त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेचे भरायचे. वही हरवली तर धंदा गेला, असं वडील म्हणायचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारींचे आकडे अजून त्यात सापडतात.

आता कामाचं. दादा, व्हॉल्व्हचा रेडिओ मुलांच्या हाती देऊ नका. आत २०० व्होल्टच्या वर डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो काचेमागे चालू ठेवा. हाताळायला सेलवरचा ट्रान्झिस्टर द्या, मागचं झाकण पारदर्शक प्लास्टिकचं करा. दोरी, कप्पी, गँग (स्टेशन बदलताना फिरणाऱ्या पत्र्यांचा कपॅसिटर) सगळं दिसेल आणि काही होणार नाही.
पुतळे हलवायला पंख्याची मोटर घेऊ नका, फार जोरात फिरते. गाडीच्या वायपरची घ्या. तिला आत वर्मगिअर असतो, हळू फिरते आणि जोर भरपूर. भंगार बाजारात मिळेल.

नाशिकची सून :
मी लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा घरात पितळेची भांडी होती आणि मला कल्हईवाला कुठे मिळतो हे माहीत नव्हतं. सासूबाईंनी गॅलरीत उभं राहून हाक मारली आणि तो आलासुद्धा! खाली चौकात त्याने खड्डा केला, भाता लावला. पातेलं तापवून नवसागर टाकला, पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून सगळं पातेलं चांदीसारखं. वाड्यातली सगळी पोरं गोल करून. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्रर्र. सासूबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली, तरी ती हाक कानात आहे.
देखाव्यात खरा कल्हईवाला बसवा. मोकळ्यावर मात्र, धूर वाईट असतो.

शिलाईवेडी :
@नाशिकची सून, ताई, काय लिहिलंत, सासूबाई डोळ्यांपुढे आल्या.
हां तर पायमशीन. कारागीर सायकलवर यायचा, हँडलला कातडी पट्ट्याचं वेटोळं. पट्टा सैल झाला की तेवढा तुकडा कापून तारेचं कडं पुन्हा घालायचा. 'टाका सोडते' म्हणून बोलवावं तर पुष्कळदा सुई उलटी लावलेली असायची. चपटी बाजू कुठल्या अंगाला यायला हवी ते तो दर वेळी नव्याने समजावायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा नाही. आई मग पोहे केल्याशिवाय सोडायची नाही. मशीन अजून आहे, मी त्याच्यावर नातवाची झबली शिवलीत.

कलाभवनचा विद्यार्थी :
आमचं बडोदं या बाबतीत नशीबवान. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं ते हाताने काम करणारी शिकलेली माणसं तयार व्हावीत म्हणून. दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि पुढे पडद्यावर चमत्कार दाखवताना जे कसब लागलं त्याचा पाया अशाच हातकामात होता असं मी मानतो. तिथे वर्कशॉपमध्ये आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उघडताना ज्या क्रमाने भाग काढाल त्या क्रमाने कापडावर मांडा. देखाव्यात मुलांसाठी तेच ठेवा. एक बंद पडलेलं गजराचं घड्याळ, चार स्क्रू ड्रायव्हर, एक पांढरं फडकं. बाकी काही सांगायची गरज पडणार नाही.

हरवलेलं घड्याळ :
सगळ्यांच्या आठवणी छान आहेत, माझी कडू. वडिलांचं मनगटी घड्याळ एका दुकानात दिलं होतं. पावतीही होती. आज या, उद्या या, आणि एक दिवस दुकानाला कुलूप. मालक गाव सोडून गेला. वडील गेल्यावर त्यांची म्हणून तेवढीच वस्तू राहिली होती.

गेंडीगेटवाला :
@हरवलेलं घड्याळ, वाईट वाटलं हो. कुठलं मॉडेल होतं? रविवारच्या बाजारात मी असतो, नजर ठेवीन. तेच नाही मिळणार, पण तसं.

हरवलेलं घड्याळ :
गेंडीगेटवाले दादा, पांढऱ्या तबकडीचं, काळे आकडे. मनापासून आभार.

सुरावट :
पेटीबद्दल कोणीच नाही? १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या देखरेखीखाली गायनशाळा सुरू झालेलं हे गाव! आमच्या गुरुजींच्या पेटीचा एक सूर पावसाळ्यात हटकून चिकटायचा. पेटीवाले यायचे, पट्ट्या उचलायचे, पितळी जीभ बाहेर काढून टोकाशी अगदी हलकं खरवडलं की सूर चढतो, बुंध्याशी खरवडलं की उतरतो. कानाने ऐकत, यंत्राशिवाय. आणि भात्याला भोक असेल तर बोटाने चाचपून शोधायचे. मुलांना पेटी उघडून दाखवा, वाजवायला द्या. कल्ला होईल, होऊ द्या.

डभोईकर :
थोडं विषयांतर. मियागाम-डभोई छोटी लाइन १८६२ची, सुरुवातीला डबे बैलांनी ओढायचे! प्रतापनगरला रेल्वेचं हेरिटेज पार्क आहे, मुलांना नक्की न्या. आमचे काका तिथल्या वर्कशॉपला होते. घरी कुठलाही नट घट्ट बसला की काकांना हाक.

नाशिकची सून :
माझ्या मुलाला विचाराल तर बडोद्यातली सगळ्यात भारी जागा म्हणजे कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा. १९४४ साली महीच्या मुखाशी आलेला. दुरुस्तीशी काही संबंध नाही, पण लिहिलं.

कलाभवनचा विद्यार्थी :
संबंध आहे की. तेवढी हाडं जोडून उभी केली, त्याहून मोठी जोडणी कुठली!

दांडियाबाजारकर :
मंडळी, भरून आलं. आत्तापर्यंतची यादी : काचेमागे रेडिओ, हाताळायला ट्रान्झिस्टर, घड्याळ आणि फडकं, पेटी, मोकळ्यावर कल्हईवाला. गणपतीबाप्पा मधोमध, त्यांच्यासमोर उंदीरमामा हातोडी मारतोय, त्याला वायपरची मोटर. भिंतीवर गल्लीतल्या जुन्या कारागिरांचे फोटो, त्यांच्या घरच्यांना विचारून. कारागिरांपैकी जे आहेत त्यांना आरतीचा मान द्यायचा, हे समितीत मी भांडून मंजूर करून घेतलंय. वाइंडिंगवाले दादा, त्या मोटरला मोबाइलचा चार्जर चालेल का?

वाइंडिंगवाला :
नाही हो. १२ व्होल्ट पाहिजे आणि करंट भरपूर खाते. स्कूटरची बॅटरी लावा नाहीतर मोठा अडॅप्टर. मध्ये फ्यूज घाला. उंदराचा हात मोटरच्या दांड्याला थेट जोडू नका, मध्ये पट्टीचा जोड ठेवा, कोणी हात धरला तर पट्टी निसटेल, बोट वाचेल. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करून येतो, जोडून देतो.

बडोद्याची लेक :
मी गौरी-गणपतीला येतेय तिकडे. सेवउसळ कोण खाऊ घालणार ते आधी ठरवा.

गेंडीगेटवाला :
उंदीरमामा! हाहा. सेवउसळ माझ्याकडून.

शिलाईवेडी :
पायमशीन माझं न्या, टेम्पो पाठवा. पण मोठ्या चाकाला जाळी लावून घ्या आधी, छोट्या मुलींचे परकर अडकतात त्यात. आणि तेल मी स्वतः घालीन, दुसऱ्या कोणी नाही.