अनुभव धागा : घर विकायला काढण्यापूर्वी दिव्यांची तयारी

जुनी सदनिका विकायला काढताना रंगकाम आणि गळती यांवर खर्च करायला सहसा कोणी मागेपुढे पाहत नाही, पण दिव्यांचा विचार बहुधा ग्राहक दाराशी आल्यावरच होतो. ज्यांनी घर विकले आहे किंवा विकणाऱ्यांसाठी काम केले आहे, त्यांनी कोणते दिवे बदलले, कोणते तसेच ठेवले आणि का, ते सविस्तर लिहावे.

पुणे, कोथरूड
आमची सदनिका पहिल्या मजल्यावर आहे आणि शेजारची इमारत इतकी जवळ आहे की दिवाणखान्यात दुपारीही दिवा लावावा लागतो. जो दिवा गेला त्याच्या जागी हाताला लागेल तो बसवण्याच्या पद्धतीमुळे एकाच खोलीत ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) निळसर ट्यूब आणि २७०० केल्विनचा पिवळा बल्ब असे दोन्ही नांदत होते. राहणाऱ्याला त्याची सवय होते. पण जाहिरातीसाठी मोबाइलवर छायाचित्रे काढली तेव्हा एक भिंत निळी आणि दुसरी केशरी दिसू लागली, कारण कॅमेरा एका वेळी एकाच रंगाचा प्रकाश पांढरा धरून बाकीचे रंग ठरवतो. दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात सगळे दिवे ४००० केल्विनचे केल्यावर हा घोळ मिटला. छताचा दिवा पाठीमागे येत असल्याने ओट्यावर काम करणाऱ्याची स्वतःचीच सावली पडत असे. तिथे वरच्या कपाटांखाली एलईडीची पट्टी लावली, आणि पाहायला आलेली मंडळी नेमकी तिथेच रेंगाळली. सर्वांत मोठा फरक मात्र फुकटात पडला, तो खिडक्यांच्या डासांच्या जाळ्या काढून धुतल्यामुळे. बाल्कनी पूर्वेला असल्यामुळे दलालाला शक्यतो सकाळीच माणसे आणायला सांगितले होते. यात लबाडी आहे असे मला वाटत नाही, कारण संध्याकाळी येऊ इच्छिणाऱ्यालाही आम्ही कधी नाही म्हटले नाही.

ठाणे (वीजकामाचा व्यवसाय)
घर विकणारे लोक फॉल्स सीलिंगमध्ये आणखी दिवे बसवायला मला बोलावतात, तेव्हा मी आधी घरातले प्रत्येक बटण दाबून पाहतो. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांत काही बटणे निकामी झालेली असतात आणि घर पाहायला आलेले ज्येष्ठ गृहस्थ हटकून तेच दाबतात. एक दिवा लागला नाही की सगळ्या वायरिंगविषयी शंका येते, आणि ती पुढे किमतीत उतरते. म्हणून लुकलुकणारी ट्यूब, सैल होल्डर आणि पिवळी पडलेली बटणे आधी बदलावीत. ४० वॉटच्या जुन्या ट्यूबच्या जागी साधारण २० वॉटची एलईडी बॅटन पुरते. विजेच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) नसेल, तर सजावटीच्या दिव्यांआधी तो बसवावा, कारण चौकस ग्राहक पेटी उघडून पाहतोच.

नाशिक
जिन्यातला दिवा सोसायटीचा असतो म्हणून कोणी लक्ष देत नाही. सचिवांना विचारून तो आम्ही स्वखर्चाने बदलला, आणि माझ्या मते तोच खर्च सर्वांत योग्य ठरला.

न्यू जर्सी, अमेरिका
येथे ‘ओपन हाऊस’च्या, म्हणजे घर इच्छुकांना पाहायला खुले ठेवण्याच्या, दिवशी एजंट भर दुपारीही सगळे दिवे लावून ठेवायला सांगतात. शिवाय, करारात वेगळे लिहिले नसेल तर, छताला जोडलेला दिवा सामान्यतः घराबरोबरच जातो. आमच्या जेवणाच्या टेबलावर पुण्याहून आणलेले पितळी झुंबर होते. ते करारातून वगळता आले असते. परंतु एकदा पाहिलेली वस्तू मिळणार नाही म्हटले की ग्राहकाला नेमकी तीच हवीशी वाटते, असे एजंटचे म्हणणे पडले. त्यामुळे घर बाजारात आणण्यापूर्वीच झुंबर उतरवून तेथे साधा दिवा बसवला.

कोल्हापूर
आईवडिलांच्या पश्चात घर विकताना मध्यस्थाने सुचवले की, मागच्या खोलीतील ओल आलेल्या भिंतीजवळची ट्यूब काढून समोर शोभेचा दिवा लावावा, म्हणजे नजर तिकडे जाणार नाही. आम्ही नकार दिला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि ग्राहकाला सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा मिळकतीतील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. (कायदा नसता तरी शेजाऱ्यांनी सांगितलेच असते.) उलट तिथे अधिक प्रखर ट्यूब लावून भिंत दाखवली आणि गवंड्याने दिलेला दुरुस्तीचा अंदाज ग्राहकाच्या हाती ठेवला. त्याने ती सगळी रक्कम किमतीतून वजा मागितली, आम्ही निम्मी मान्य केली आणि व्यवहार ठरला.