ज्यूकबॉक्स म्युझिकल: गाणी माहीत नसतील तर मजा येते का?

तिसरी_घंटा:
परवा बायको आणि मेव्हणीने मिळून मला 'मामा मिया'ला नेलं, ते ज्यूकबॉक्स म्युझिकल, म्हणजे आधीच गाजलेल्या गाण्यांवर रचलेलं संगीत नाटक. मला ॲबा या पॉप बँडची जेमतेम दोन-तीन गाणी माहीत, आणि इथे तर अख्खं नाटकच त्यांच्या गाण्यांवर. झालं असं की गाण्याचे पहिले दोन सूर वाजले की सगळं थिएटर खिदळायचं आणि मी आपला इकडेतिकडे बघतोय की अरे जोक कुठे झाला, स्टेजवर तर कोणी काही बोललंच नाही अजून! इंटरव्हलमध्ये मेव्हणी म्हणते, "अहो जिजू, गाणं आधी माहीत पाहिजे ना, तरच कळणार." शेवटी सगळे उठून नाचायला लागले तेव्हा मी एकटा दोघींच्या पर्स सांभाळत उभा. आता पुढच्या महिन्यात 'अँड ज्युलिएट'ची तिकिटं काढलीयेत त्यांनी. होमवर्क करून जाऊ की हा प्रकारच आपला नाही म्हणून सोडून देऊ?

वरची_रांग:
तुमची मेव्हणी बरोबर बोलतेय. लोक हसतात ते गाणं ओळखलं म्हणून आणि ते भलत्याच जागी आलं म्हणून. 'डझ युअर मदर नो' घ्या, १९७९ चं गाणं, मूळ गाण्यात एक पुरुष मागे लागलेल्या लहान वयाच्या मुलीला म्हणतो की बाई गं, घरी जा. नाटकात तेच गाणं टान्या म्हणते, पन्नाशीकडे झुकलेली बाई, आणि समोर गोंडा घोळणारा पोरगा! शब्द जवळपास तेच, नुसती माणसं बदलली. नाटकाच्या लेखिकेने, कॅथरीन जॉन्सनने, गाणी आधीच तयार असताना त्यांच्याभोवती गोष्ट रचली, १९९९ मध्ये लंडनला पहिल्यांदा आलं ते. मूळ गाणं ऐकलंच नसेल तर ही गंमत कळणार कशी.

खडूस_प्रेक्षक:
माझं मत वेगळं. यातली निम्मीअधिक नाटकं म्हणजे ठिगळं जोडून केलेली गोधडी असते, एखादं पात्र अचानक विनाकारण उदास होतं तेव्हाच समजायचं की आता हिट गाणं येणार. पण एक कबूल करतो, 'मामा मिया'तल्या 'स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स'ला मी रडलोय. मुळात ते दप्तर घेऊन शाळेला निघालेल्या छोट्या मुलीचं गाणं, आणि इथे आई त्याच मुलीला लग्नासाठी तयार करतेय. काही ओढूनताणून बसवावं लागलं नाही, आपोआप बसलं. आणि नेमकं तेव्हाच माझ्या शेजारच्या बाई सोबत गायला लागल्या, त्याही बेसूर, पूर्ण गाणंभर!! अहो गा ना, पण शेवटी सगळे उठतात तेव्हा गा, तोपर्यंत ज्यांना पैसे दिलेत त्यांना गाऊ द्या.

निळी_शाई:
खडूसदादा, टाळ्या. 😄
घंटा, तुम्ही घाबरू नका, 'अँड ज्युलिएट' तुम्हाला जास्त जमेल. सगळी गाणी मॅक्स मार्टिन या गीतकार-संगीतकाराची, म्हणजे ब्रिटनी, बॅकस्ट्रीट बॉइज, केटी पेरी वगैरेंनी गायलेली. (ॲबा पण स्वीडनचे आणि हा पण, काय पाणी आहे तिथलं कुणास ठाऊक.) गोष्ट अशी की शेक्सपिअरची बायको ॲन नवऱ्याला म्हणते 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा हा शेवट काही मला पटत नाही, ज्युलिएट जगली तर? 'आय वॉन्ट इट दॅट वे' या दोघांच्या भांडणात येतं. आता मूळ गाण्यात 'दॅट वे' म्हणजे नक्की कुठला वे हे इतकी वर्षं ऐकूनही मला कळलेलं नाही, पण इथे दोघं नाटकाच्या शेवटावरून भांडतायत म्हटल्यावर त्या ओळीला पहिल्यांदाच अर्थ आला! म्हणून मला वाटतं शब्द मोघम असलेलं गाणंच या प्रकारात छान बसतं. होमवर्क कराच, पण मूळ गाणी ऐका, नाटकाचा अल्बम अजिबात नको, कुठलं गाणं कुठे येतं ते आधीच कळलं तर सगळा पचका.

तिसरी_घंटा:
आत्ताच बायकोने ते 'दॅट वे' लावलं आणि मला तर पूर्ण पाठ निघालं की हो, फक्त नाव माहीत नव्हतं! आता तीच म्हणतेय की थिएटरमध्ये तोंड बंद ठेवायचं. बरं, तिकिटं दुसऱ्या रांगेतली आहेत, चांगली का?

वरची_रांग:
चेहरे मस्त दिसतील, पण स्टेज उंच असेल तर नाचताना पाय दिसणार नाहीत आणि मान आखडेल ती वेगळीच.

खडूस_प्रेक्षक:
आणि तुमच्या मागे मी नसेन अशी आशा करा.