स्तब्धता कुणासाठी, हे आधी पाहू

इंग्लंडमधले फुटबॉल क्लब हल्ली ऊठसूट एक मिनिट स्तब्धता पाळतात, त्यामुळे तिचं मोल उरलं नाही, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. १० फेब्रुवारी २००८ चा मँचेस्टर युनायटेड–सिटी सामना आठवा. म्युनिक विमान अपघाताला ५० वर्षं झाली होती. ६ फेब्रुवारी १९५८ च्या त्या अपघातात २३ माणसं गेली, त्यांत युनायटेडचे ८ खेळाडू. सिटी हा त्याच शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी क्लब, त्याचे पाठीराखे स्तब्धतेत गोंधळ घालतील अशी धास्ती होती. पण युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, सगळे शांत उभे राहिले. आणि का राहू नयेत? मृतांमध्ये सिटीचा जुना गोलरक्षक फ्रँक स्विफ्टही होता, पत्रकार म्हणून त्या विमानात बसलेला.

लिव्हरपूलला १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या आपल्या ९७ पाठीराख्यांसाठी थांबायला कुणी सांगावं लागत नाही. घरातलंच दुःख ते. ज्या माणसाशी वा घटनेशी क्लबचा काडीचा संबंध नाही, तिथे मात्र लोक पंचाच्या शिट्टीची वाट बघत नुसते उभे असतात, हे खरंच वाईट दिसतं. अशा वेळी दंडावर काळी फीत बांधून खेळावं. तेवढं पुरे.