वाय-फाय फुल, नेट गुल : घरातला राऊटर भलतेच आयपी पत्ते देतोय

प्रेषक : ग्रंथालय समिती

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाच्या कामाचा नाही, पण या यादीवर नेटवर्कमधली जाणकार माणसं बरीच आहेत म्हणून विचारते.

घरातला राऊटर काही उपकरणांना भलतेच आयपी पत्ते (नेटवर्कवर उपकरणाची ओळख पटवणारे आकडे) देतोय. लॅपटॉपला बहुतेक वेळा १९२.१६८.१.१०४ मिळतो आणि सगळं सुरळीत चालतं. माझ्या फोनला मात्र कधी १९२.१६८.१ ने सुरू होणारा, तर कधी १९२.१६८.०.१०३. हा शून्यवाला मिळाला की वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण एक पान उघडेल तर शपथ. प्रिंटर लॅपटॉपला दिसतो, फोनला मनात आलं तर दिसतो. काल आयपॅडने तर १६९.२५४ वगैरे काहीतरी दाखवलं.

इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राने राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. थोडा वेळ बरं चाललं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. राऊटर बिघडला असं समजून नवा आणावा का?

---

प्रेषक : युवा विभाग

काकू, नवा कशाला? मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, फॅक्टरी रिसेट होईल. नव्वद टक्के वेळा काम होतं. आणि नाहीच झालं तर प्रत्येक उपकरणात हाताने पत्ता टाकून द्या. एकदाची कटकट संपेल.

---

प्रेषक : माजी खजिनदार

वहिनी, कृपा करून रिसेट करू नका. आज तर मुळीच नको. जे काही तपासायचं आहे ते रिसेटने पुसलं जाईल, आणि जे बंद असायला हवं ते चालू होईल. का, ते पुढे येतंच आहे.

मला राऊटर बिघडलेला वाटत नाही. बिघडलेला राऊटर पत्ता देतच नाही किंवा मध्येच मान टाकतो. तो एका फोनला १९२.१६८.१ च्या मालिकेतला आणि दुसऱ्या वेळी १९२.१६८.० च्या मालिकेतला पत्ता देत बसत नाही. साध्या घरगुती राऊटरवर एका वेळी एकच मालिका असते. (पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय चालू केलं असेल तर दुसरी असू शकते, पण त्यावर नेट चालतं.) दोन मालिका दिसताहेत म्हणजे पत्ते देणारे दोघे आहेत. एकाच वर्गात दोन मास्तर आपापल्या वहीतून रोल नंबर वाटताहेत.

पत्ता मिळतो कसा ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फोन वाय-फायला जोडला गेला की तो सगळ्या नेटवर्कला उद्देशून ओरडतो, ‘कोणी पत्ता देतं का?’ जो कोणी डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारा, ते ऐकेल तो एक पत्ता देऊ करतो. फोन म्हणतो, ‘हा मला हवा.’ सर्व्हर म्हणतो, ‘घे, इतक्या वेळासाठी तुझा.’ या मुदतीला लीज म्हणतात. १९९७ पासून हाच नियम चालू आहे आणि त्यात एक मोठी भाबडी गोष्ट आहे : देऊ करणारा खरा की उपटसुंभ, हे फोन विचारत नाही. ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता तो बहुधा घेऊन टाकतो.

गंमत म्हणजे या शर्यतीत शहाणा हरतो. काही राऊटर पत्ता देण्याआधी तो कोणी वापरत तर नाही ना, हे हाक मारून बघतात आणि उत्तराची क्षणभर वाट पाहतात. तेवढ्यात दुसरा बेफिकीर डबा पत्ता देऊन मोकळा होतो. तुम्ही राऊटर बंद-चालू केल्यावर थोडा वेळ बरं चाललं ते याचमुळे. सगळ्या उपकरणांनी नव्याने विचारलं आणि त्या फेरीत दान बरं पडलं, एवढंच.

१६९.२५४ चा घोळ मात्र वेगळा आहे. तो पत्ता कोणीच दिलेला नाही. विचारून उत्तर आलं नाही की आयपॅड, विंडोज वगैरे मंडळी त्या मालिकेतला एक पत्ता स्वतःच लावून घेतात. राऊटर उठत होता तेव्हा आयपॅडने विचारलं असणार. त्याच्या मागे लागू नका.

आता शोध. लॅपटॉप विंडोजचा असेल तर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग /ऑल (ipconfig /all) चालवा आणि वाय-फायच्या भागात ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी ओळ असते ती वाचा. पत्ता कोणी दिला, त्याचं नाव-गाव तिथे असतं. चांगला पत्ता असताना एकदा बघा, शून्यवाला मिळेल तेव्हा पुन्हा बघा. तो मिळत नसेल तर आयपीकॉन्फिग /रिलीज (/release) आणि मग /रिन्यू (/renew) करत राहा, किंवा फोनला जिथे हमखास त्रास होतो तिथे लॅपटॉप नेऊन करा. फोनवर वाय-फायच्या तपशिलात ‘राऊटर’ किंवा ‘गेटवे’ म्हणून जो पत्ता असतो, तोही बहुतेक घरांत हेच सांगतो.

शून्यवाला पत्ता हातात असतानाच तो सर्व्हरचा आकडा ब्राउझरमध्ये टाका. कोणत्या डब्याचं लॉगिन पान उघडतं ते कळवा. पान नाही उघडलं तर एआरपी -ए (arp -a) चालवून त्या आकड्यासमोरचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक, बघा आणि घरातल्या प्रत्येक डब्याच्या बुडाला चिकटवलेल्या लेबलशी ताडून पाहा. शेवटचा एखादा आकडा इकडे-तिकडे असला तरी हरकत नाही, एकाच डब्याच्या वेगवेगळ्या जोडण्यांचे मॅक पत्ते बहुधा लागोपाठचे असतात.

हाताने पत्ते टाकायच्या सल्ल्याबद्दल : अरे, घरात बल्बसुद्धा वाय-फायवर असतात आजकाल. कोणाकोणाच्या पाठी वही घेऊन फिरणार?

---

प्रेषक : ग्रंथालय समिती

भाऊजी, सापडला! लॅपटॉप वर नेला आणि दुसऱ्याच फटक्याला शून्यवाला पत्ता मिळाला. डीएचसीपी सर्व्हर : १९२.१६८.०.१. तो आकडा ब्राउझरमध्ये टाकल्यावर आमच्या जुन्या राऊटरचं पान उघडलं. तो वरच्या मजल्यावर फक्त वाय-फाय पोचवायला लावलेला आहे. खालच्या मुख्य राऊटरपासून एक केबल त्याच्यापर्यंत गेली आहे. इतकी वर्षं काही त्रास नव्हता. वर वाय-फाय मंद झालं म्हणून मुलाने मध्यंतरी तोच पिनवाला प्रकार केला आणि वाय-फायचं नाव, पासवर्ड पुन्हा होते तसे टाकले. त्रास तेव्हापासूनचाच असावा.

पण मग नेट का बंद पडतं? केबल तर जोडलेली आहे.

---

प्रेषक : माजी खजिनदार

हेच ते, बंद असायला हवं ते चालू होणं. ज्याने कोणी तो जुना राऊटर पहिल्यांदा लावला त्याने त्यातला डीएचसीपी सर्व्हर बंद केला होता. रिसेट केल्यावर डबा कारखान्यातून निघाला तसा झाला, म्हणजे डीएचसीपी चालू. आता तो स्वतःला घराचा मालक समजतो. मुलाने नाव-पासवर्ड तेच ठेवल्यामुळे कोणता फोन कोणाला चिकटलाय हेही बाहेरून कळेना.

नेट का नाही? पत्त्याबरोबर सर्व्हर आणखी एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे बाहेरचा रस्ता, गेटवे. जुना राऊटर फोनला सांगतो, ‘बाहेर जायचं तर माझ्याकडे ये.’ पण बाहेरची लाइन ज्या वॅन पोर्टात हवी ते त्याचं पोर्ट रिकामं आहे. तुमची केबल त्याच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या उपकरणांसाठीच्या पोर्टात, आहे. म्हणजे फोन इमानेइतबारे त्याच्या दारात जातो आणि पुढे भिंत. वाय-फायच्या दांड्या फक्त डब्यापर्यंतचं अंतर दाखवतात, डब्याच्या पलीकडचं त्यांना काही माहीत नसतं.

आता उपाय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण डीएचसीपी आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही आणि त्या डब्यात परत शिरता येणार नाही.

आधी जुन्या राऊटरची खालून येणारी केबल काढा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो केबलने जुन्या राऊटरच्या लॅन पोर्टाला जोडा. १९२.१६८.०.१ उघडा, पासवर्ड मुलाला विचारा. लॅनच्या पानावर राऊटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, मास्क २५५.२५५.२५५.० तसाच राहू द्या. डबा बंद होऊन उठेल. केबल काढून परत लावा म्हणजे लॅपटॉपला नव्या मालिकेतला पत्ता मिळेल. मग १९२.१६८.१.२ उघडा आणि आता डीएचसीपी सर्व्हर बंद करून जतन करा. त्यानंतर खालची केबल पुन्हा जोडायची, लॅन ते लॅन. वॅन पोर्टाला हातही लावायचा नाही.

जुन्या राऊटरच्या पानावर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पोचवायचं) असा पर्याय दिसला तर एवढा खटाटोप नको. तो निवडला की हे सगळं तो आपण होऊन करतो. मात्र त्या मोडमध्ये केबल कुठे लावायची ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पानावर लिहिलेलं असेल ते ऐका.

शेवटी सगळ्या फोनचं वाय-फाय बंद-चालू करा. लीज ज्याने दिली त्याच्याकडेच मुदतवाढ मागायची फोनांना सवय असते, तेव्हा जुना पत्ता कुरवाळत बसलेला एखादा निघेलच.

आणि मुख्य राऊटरच्या पानावर डीएचसीपीची मालिका कुठून कुठवर आहे तेवढं कळवा.

---

प्रेषक : युवा विभाग

काका, केबल लॅनऐवजी जुन्या राऊटरच्या वॅनमध्ये घातली की झालं ना? एका मिनिटाचं काम. सेटिंगला हात लावायलाच नको.

---

प्रेषक : माजी खजिनदार

नेट चालेल, बरोबर आहे. भांडणही मिटेल, कारण जुन्या राऊटरचे पत्ते मग त्याच्या मागेच राहतील. पण घराची दोन नेटवर्कं होतील, एकामागे एक. वरच्या फोनला खालचा प्रिंटर आपोआप सापडणार नाही आणि खालचा लॅपटॉप वरच्या कशाशीच बोलू शकणार नाही. प्रिंटरची रड जिथून सुरू झाली तिथेच परत. एक रात्र काढायची असेल तर ठीक.

---

प्रेषक : चिटणीस

मध्येच विचारते, माफ करा. हे वाचून मीही आमच्या राऊटरचं पान उघडलं. त्याच्या वॅनवर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता आहे. हाही चुकीचाच का?

---

प्रेषक : माजी खजिनदार

नाही. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची ती मालिका २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठीच राखून ठेवली गेली. सार्वजनिक पत्ते पुरत नाहीत म्हणून कंपनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. तुम्हाला बाहेरगावाहून घरातल्या कॅमेऱ्याशी थेट जोडणी करायची असेल तर ते आडवं येईल. बाकी चालू द्या.

---

प्रेषक : ग्रंथालय समिती

भाऊजी, सांगितलंत त्या क्रमाने केलं. ॲक्सेस पॉइंट मोड नव्हता, म्हणून लांबच्या वाटेने गेले. वर-खाली सगळीकडे आता १९२.१६८.१ च आहे, आयपॅडसुद्धा शहाण्यासारखा वागतोय. मुख्य राऊटरची मालिका १९२.१६८.१.१०० ते १९९ आहे.

एक मात्र राहिलं. प्रिंटर आता लॅपटॉपलाही दिसेना! त्याच्या छोट्या पडद्यावर १९२.१६८.१.१०५, ‘मॅन्युअल’ असं आहे. आणि मुख्य राऊटरच्या यादीत १०५ समोर माझा फोन दिसतोय.

---

प्रेषक : माजी खजिनदार

मालिका विचारली होती ती याच संशयाने. प्रिंटरला कोणीतरी हाताने १०५ दिलाय, पण १०५ राऊटरच्या वाटपाच्या मालिकेत येतो. राऊटरला ते कोणी सांगितलेलं नाही. आजवर तो आकडा वाटण्याची पाळी आली नाही, आता सगळी उपकरणं त्याच्याचकडे आली तेव्हा आली. प्रिंटर झोपलेला असेल तर राऊटरच्या हाकेला ओ देत नाही आणि राऊटर समजतो जागा रिकामी आहे. आता लॅपटॉप छापायला पाठवतो ते तुमच्या फोनच्या दारात जातं.

प्रिंटरवर ‘मॅन्युअल’ बदलून ‘ऑटो’ करा. मग मुख्य राऊटरच्या पानावर पत्ता आरक्षित करण्याची सोय असते, तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता टाकून त्याला १९२.१६८.१.२० कायमचा लावून द्या. काही राऊटर मालिकेबाहेरचा आकडा घेत नाहीत, तसं झालं तर १९० द्या. मग प्रिंटर एकदा बंद-चालू करा. लॅपटॉपमध्ये जुन्या पत्त्याने जोडलेला प्रिंटर काढून नव्याने जोडावा लागेल.

हीच सोय फोनांसाठी वापरायच्या भरीला पडू नका. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता लपवून बनावट पुढे करतात, आणि काही फोन तो अधूनमधून बदलतातही. राऊटरच्या यादीत ज्याच्या मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तो बनावट समजा. उद्या यादीत अनोळखी नावं दिसली तर शेजाऱ्यावर संशय घेण्याआधी हे बघा.

---

प्रेषक : ग्रंथालय समिती

२० घेतला नाही, १९० घेतला. फोनवरून चाचणीचं पान छापून बघितलं, आलं. जुन्या राऊटरवर ‘डीएचसीपी बंद, पत्ता १९२.१६८.१.२, पिन लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

---

प्रेषक : युवा विभाग

काका, आमच्या घरी वाय-फाय एक्सटेंडर (वाय-फाय लांबवर पोचवणारा डबा) आहे, केबल नाही. त्याचंही असंच होऊ शकतं का?

---

प्रेषक : माजी खजिनदार

एक्सटेंडर म्हणूनच चालत असेल तर बहुधा नाही, तो मागणी मुख्य राऊटरकडे पुढे सरकवतो. पण काही डब्यांवर राऊटर आणि एक्सटेंडर अशी बारीक सरकती कळ असते. ती कुठे आहे ते बघून ये आणि मग लिही.