मदत हवी आहे: अपूर्णांक आले की रेषेचा चढ चुकतो

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. पुतणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आता पीयूसी पहिल्या वर्षाला (म्हणजे कर्नाटकातली अकरावी). 'स्लोप' म्हणजे आपला 'चढ' हे उमगायलाच तिला आठवडा लागला.

बिंदू आहेत (१/२, २/३) आणि (३/४, १/६). वायमधला फरक −१/२, एक्समधला १/४, म्हणून चढ −२. तिचं उत्तर −१/८. भागायच्या जागी गुणलं पोरीनं!

मग मी सगळ्यांना १२ नं गुणून (६, ८) आणि (९, २) करून दाखवलं, तरी −२च. तिनं लगेच डोकं चालवलं: एक्सला ४ नं, वायला ६ नं गुणलं. आलं −३.

दोन्हीकडे एकच संख्या का लागते, हे आकृती काढून कसं पटवू? परवा टेस्ट आहे.