मगल कोणाला म्हणता?

छत्रीधारी
कालच्या 'मगलांच्या नाकाखालून' या लेखाला प्रतिसाद लिहायला बसलो. तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : लेखक भर दुपारी एका बागेत गेले, जिओकॅश (जीपीएसच्या आधारे शोधायची लपवलेली डबी) शोधली, सही केली, डबी परत ठेवली. बाकावर बसलेल्यांना पत्ता लागला नाही, म्हणून पुढचे दोन परिच्छेद त्यांची 'मगल, मगल' करत टिंगल. मगल म्हणजे या छंदात नसलेला, बाहेरचा माणूस. 'मोबाईलपलीकडे यांना जग आहे का?' वगैरे. खाली 'वा वा'ची रांग.

आता माझं. बायको सहा वर्षं कॅशिंग करते. मी करत नाही. कोणीतरी लपवलेली डबी शोधायची, तिच्यातल्या कागदावर सही करायची आणि परत तिथेच ठेवून यायचं, यातली गंमत माझ्यापर्यंत पोचलेली नाही. पण सोबत जातो. मागे एकदा असाच पावसात तासभर छत्री धरून उभा होतो. ही कठडा चाचपतेय, झाडाच्या ढोलीत हात घालतेय, गुडघ्यापर्यंत चिखल. मी कंटाळून बाकावर टेकलो, बुटाची नाडी बांधायला वाकलो, तर बाकाच्या लोखंडी पट्टीला खालून चिकटलेली, बोटाच्या पेराएवढी चुंबकाची डबी. 'हे काय गं?' एवढंच म्हणालो. रात्री तिने टाकलेली नोंद वाचली : 'पावसामुळे वेळ लागला, पण मिळाली. सोबत एक मगल होता.'

एक मगल होता!

तर प्रश्न असा की आपल्या छंदात नसलेल्या माणसासाठी तुम्हा लोकांना वेगळा शब्द लागतोच कशाला? मला पोहता येत नाही. पोहणाऱ्यांनी अजून तरी मला नाव ठेवलेलं नाही.

गुप्तखजिना
तो लेख माझा. 'मगल' ही शिवी नाही, कामाचा शब्द आहे. नोंदीत 'मगल फार' लिहिलं की पुढच्याला कळतं, गर्दीची जागा आहे, सकाळी लवकर जा. डबी 'मगल झाली' म्हणजे कोणीतरी अजाणता उचलून नेली. दर वेळी 'या छंदाशी परिचय नसलेल्या व्यक्ती' असं लिहीत बसू का?

आणि लपूनछपून करतो ते हौस म्हणून नाही. १ मे २००० च्या रात्री अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मेला डेव्ह उल्मरने ऑरेगनच्या जंगलात पहिली बादली ठेवली. तेव्हापासून खेळ हाच आहे की शोधणाऱ्याला मिळाली पाहिजे आणि बाकीच्यांना दिसता कामा नये. दिसली की काय होतं? २०११ मध्ये इंग्लंडातल्या वेदरबी गावात एक जण डबी ठेवताना कुणाच्या तरी नजरेस पडला, तर लष्कराचं बॉम्बनाशक पथक आलं आणि डबी उडवून दिली. बाकावरच्या काकांनी 'काय शोधताय?' विचारलं की मी दोनदा खोटं बोललोय आणि एकदा खरं. खरं बोललो ती डबी आठवड्यात गायब.

तुमच्या घरातल्या नोंदीचा राग मात्र माझ्यावर काढू नका.

छत्रीधारी
'मगल फार' कामाचं, मान्य. ते दोन परिच्छेद कोणत्या कामाचे होते?

निरुक्तप्रेमी
मूळ शब्द हॅरी पॉटरमधला, पुस्तक १९९७ चं. २००३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशातही गेला. पण त्याच्या आधीही मंडळी गप्प नव्हती. मध्ययुगीन पोशाख घालून तलवारी खेळणाऱ्यांची एक संस्था १९६६ मध्ये बर्कलीत निघाली, त्यांच्या लेखी बाहेरचे सगळे 'मंडेन', म्हणजे ऐहिक, मातीतले. विमानातून उड्या मारणारे इतरांना 'वफो' ('व्हॉट फॉर'चं बोलीतलं रूप) म्हणतात, कारण बाहेरचा माणूस एकच प्रश्न विचारतो : 'पण उडी मारायची काय म्हणून?'

आणि आपण कोणाला हसतोय? शतपथ ब्राह्मणात असुर 'हे अरयः' (अहो शत्रूंनो) ऐवजी 'हेऽलवः' म्हणाले आणि हरले, म्हणून असं बोलणारा तो म्लेच्छ. 'र'च्या जागी 'ल' आणि 'य'च्या जागी 'व' आला एवढाच गुन्हा. गाण्यातलं न कळणाऱ्याला आपण सरळ 'औरंगजेब' म्हणून मोकळे होतो. कॅशिंगवाले त्या मानाने फार सभ्य.

उंट_तिरका
म्लेच्छ राहू द्या. बुद्धिबळात पूर्ण बाहेरच्याला नावच नाही. नाव असतं ते अर्धवट आत आलेल्याला. कच्चा खेळणारा पॅट्झर, नुसती लाकडं सरकवणारा वुडपुशर आणि शेजारी उभं राहून 'घोडा मार, घोडा मार' करणारा किबिट्झर. ज्याला उंट कसा चालतो ते माहीत नाही तो बिचारा गप्प बसतो. डोकं उठवतात ते दोन सापळे पाठ केलेले. परवा घड्याळात माझी ४० सेकंदं उरलेली असताना एकाने मागून 'च्च' केलं. नुसतं च्च! त्या च्चने माझा वजीर गेला.

दोन_सुलट_एक_उलट
तुमचा वजीर गेला, माझे चार महिने गेले. इथे सगळे बाहेरच्यांची बाजू घेताहेत म्हणून लिहिते.

मावसभावाला स्वेटर विणला. मेरिनो लोकर, ११ गोळे, पुढे वेणीची वीण, गळा तीनदा उसवला. देताना पहिला प्रश्न : 'टीव्ही बघता बघता होतं ना गं हे?' दुसरा : 'विकत नसता मिळाला?' तरी गप्प बसले. दोन महिन्यांनी त्यांच्याकडे गेले तर त्याची चार वर्षांची मुलगी दार उघडायला आली, अंगात माझा स्वेटर. बाह्यासुद्धा बरोब्बर मनगटापर्यंत. वहिनी कौतुकाने म्हणाली, 'मशीनमध्ये आटला, पण हिला काय छान बसला बघा!'

मगल-बिगल आम्ही म्हणत नाही. आमच्यात दोनच जाती, विणून देण्याच्या लायकीचे आणि नसलेले.

साधा_माणूस
ताई, एक विचारू? कसा धुवायचा ते सांगितलं होतंत का?

दोन_सुलट_एक_उलट
लोकर गरम पाण्यात घालायची नाही हे सांगावं लागतं?

साधा_माणूस
लागतं. मला माहीत नव्हतं. बायकोच्या आत्याने विणलेला माझा स्वेटर मीच ६० अंशांवर लावला होता. तिला मदत म्हणून. आतून काढला तेव्हा पुठ्ठ्यासारखा उभा राहत होता. आत्या तीन वर्षं माझ्याशी बोललेल्या नाहीत. कोणी एका शब्दाने सांगितलं असतं तर हातांनी धुतला असता. तुम्ही लोक आधी सांगत नाही आणि मग लायकी काढता.

दोन_सुलट_एक_उलट
मग आता सांगते, ऐका. लोकरीच्या केसाला खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. ओढा, ताणा, इस्त्री फिरवा, उपयोग शून्य. खवले रसायनाने झिजवून वर पातळ थर चढवलेली सुपरवॉश लोकर मिळते, ती मशीनमध्ये चालते. माझी ती नव्हती. आणि आत्याबाई बोलत नाहीत ते बरोबरच करतात.

निरुक्तप्रेमी
थोडक्यात, तो आटला नाही. खवले अडकून लोकर घट्ट बसते त्याला नमदा म्हणतात, तो त्याचा झाला.

उंट_तिरका
धाग्याचाही.

साधा_माणूस
'हलके घ्या' म्हणून सोडून देणार होतो, पण 'बरोबरच करतात' हे झोंबलं. मी चूक केली, माफी मागितली, दुकानातून तसाच दुसरा आणून दाखवला.

दोन_सुलट_एक_उलट
दुकानातून?? अहो, तिथेच तर घात झाला! चार महिन्यांची भरपाई दुकानातून!

गुप्तखजिना
विषय 'मगल' होता. लोकर धुण्याचा वेगळा धागा काढा.

छत्रीधारी
राहू द्या हो, मला तर हाच विषय वाटतोय. डबीही सांगायची नाही, धुवायचंही सांगायचं नाही, आणि न कळलेल्या माणसाला नाव ठेवायचं.

त्र्याहत्तर
उशिरा आलो, पण हॅम रेडिओवाल्याने, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवाल्याने, बोलायलाच हवं. 'हॅम' हीच मुळात शिवी. पगारी तारबाबू अडखळत तार पाठवणाऱ्या नवशिक्यांना हिणवून हॅम म्हणत. आम्ही ती उचलून छातीवर लावली. त्यामुळे नावं ठेवण्याचा एवढा बाऊ करू नये. शेजाऱ्यांचा टीव्ही खरखरला की आजही आधी माझ्या अँटेनाकडे बोट जातं. एकदा तर माझा रेडिओ उघडून खोक्यात पडला होता त्या दिवशीही. आम्ही त्यावर हसतो. आमच्यात सगळे पुरुष 'ओएम', म्हातारबुवा, वय १५ असलं तरी. बाई 'वायएल', तरुणी, वय ८० असलं तरी. आणि बायको 'एक्सवायएल'. खेळीमेळीने घ्या.

दोन_सुलट_एक_उलट
थांबा. एक्स काय?

त्र्याहत्तर
माजी तरुणी. जुना संकेत आहे. आमची ही ४० वर्षं ऐकतेय, हसते.

दोन_सुलट_एक_उलट
८० वर्षांची परकी बाई तरुणी, आणि तुमच्याशी लग्न केलेली मात्र माजी! हसते म्हणे. कधी विचारलंत?

त्र्याहत्तर
प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधायचाच असेल तर बोलणं खुंटलं. ज्या माणसाने कधी रात्री दोन वाजता खरखरीतून दूरच्या बेटावरचा सिग्नल उचललेला नाही, त्याला...

छत्रीधारी
त्याला काय म्हणता? लिहा की. थांबलात का?

उंट_तिरका
शह.

गुप्तखजिना
तुम्हाला प्रत्येकाकडून शब्दच काढून घ्यायचाय, नाही का? बरं, एक सांगतो. बाकावरचे ते लोक मला खरंच हास्यास्पद वाटले नव्हते. मी तिथे पाऊण तास झुडपात शिरत होतो, पँट फाटली, आणि एकानेही मान वर करून पाहिलं नाही. लेखात ते उलटं फिरवून लिहिलं, कारण फाटक्या पँटीवर कोणी 'वा वा' करत नाही.

साधा_माणूस
हे लिहिलं असतंत तर मी केलं असतं.

निरुक्तप्रेमी
अवांतर : अमेरिकेत रेल्वेवेड्यांना 'फोमर' म्हणतात, म्हणजे इंजिन दिसलं की तोंडाला फेस येणारे. हे नाव ठेवलं रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांनी. तेव्हा बाहेरचा नेमका कोण, तेही एकदा ठरवून घ्या.

त्र्याहत्तर
विचारलं. दोन_सुलट यांच्या समाधानासाठी नव्हे, सहज. ही म्हणाली, एक्सवायएलचं मला काही नाही, पण तुमच्या त्या मित्रांना आम्ही बायका काय म्हणतो ते तुम्ही ४० वर्षांत कधी विचारलं नाहीत. म्हटलं, काय म्हणता? तर 'खरखर मंडळ'. आणि हे आमच्या सगळ्यांच्या घरी चालतं म्हणे. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

छत्रीधारी
काका, या. बाकावर जागा आहे.

दोन_सुलट_एक_उलट
खरखर मंडळ! वहिनींना माझा नमस्कार सांगा.

साधा_माणूस, तुमच्यासाठी. काल रात्री तो जुना डबा उघडला. लोकरीच्या गोळ्यावर कागदाची पट्टी असते, तीवर धुण्याच्या खुणा छापलेल्या असतात. ११ पट्ट्या होत्या. सगळ्या माझ्याकडेच निघाल्या, रबरबँड लावून. स्वेटरबरोबर एक तरी द्यायला हवी होती, एवढं मान्य. पण ६० अंश ते ६० अंशच. त्याला क्षमा नाही.

साधा_माणूस
चालेल. आत्यांनाही फोन करून पट्टीचं विचारू का?

दोन_सुलट_एक_उलट
चुकूनही नको. तो आटलेला स्वेटर अजून आहे का? असला तर घेऊन जा, आणि यापासून काय करता येईल ते विचारा. नमदा कापला तरी उसवत नाही. पिशवी होते, चपलांचे तळ होतात. त्या बोलतील. आधी खूप बोलतील, तेवढं ऐकून घ्या.

गुप्तखजिना
लेख संपादित केला आहे. दुसरा परिच्छेद काढला, तिसऱ्यात 'मगल' जाऊन 'बाकावरील मान्यवर' आलं. छत्रीधारींच्या आत्म्यास शांती लाभो. पँट अजून घातलेली नाही लेखात.

छत्रीधारी
'मान्यवर'मधला टोमणा पोचला, तरी धन्यवाद. बायकोला हा धागा दाखवला. तिने जुनी नोंद उघडून दुरुस्त केली. आता तिथे असं आहे : 'पावसामुळे वेळ लागला, पण मिळाली. सोबत एक मगल होता. छत्री त्याची.'